कांदा चिरला तरी डोळ्यांत पाणी नाही : शोग्रेन आजाराच्या शोधाची गोष्ट



"डॉक्टर, कांदा चिरला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. घरात कुणी गेलं तेव्हासुद्धा रडू आलं, पण अश्रू आले नाहीत." दवाखान्यात एखादी बाई असं सांगते, तेव्हा मी पेन खाली ठेवतो आणि पुढचे प्रश्न विचारतो. भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येतो का? रात्री उशाशी तांब्या लागतो का? दात भराभर किडतायत का? सकाळी बोटं आखडतात का?

बहुतेक वेळा यातल्या बऱ्याच प्रश्नांना होकार मिळतो. पण हे सगळं त्यांनी एकाच डॉक्टरला कधी सांगितलेलं नसतं. डोळ्यांसाठी ड्रॉप वेगळीकडून, दातांचं काम वेगळीकडे, सांध्यांच्या गोळ्या तिसरीकडे. थकव्याबद्दल तर घरचेच सांगतात, "वय झालं, पाळी जायच्या सुमारास असं होतंच."

मित्रांनो, वैद्यकशास्त्रानेही अनेक वर्षं नेमकं हेच केलं. एकाच आजाराचे तुकडे वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हाती लागले आणि ते जोडायला अर्धं शतक गेलं. ही गोष्ट आज सांगतोय, कारण तिच्यातून तुम्हाला उपयोगी पडेल असं काही शिकता येतं.

आधी अश्रूंबद्दल थोडं

अश्रू फक्त रडताना येतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात डोळ्यावर चोवीस तास अश्रूंचा पातळ थर असतो आणि प्रत्येक वेळी पापणी लवली की तो नव्याने पसरतो. त्यात पाणी असतं, तेल असतं आणि चिकट स्रावही असतो. पाण्याचा भाग मुख्यतः डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीतून येतो. तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. यातलं काहीही कमी पडलं की डोळा कोरडा पडतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, आग होते, उजेड सहन होत नाही आणि वाचताना अक्षरं पुसट होतात.

कोरड्या डोळ्यांची तक्रार नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'शुष्काक्षिपाक' नावाचा नेत्ररोग सांगितला आहे. पापण्या कठीण आणि रूक्ष होणं, डोळे उघडायला त्रास होणं ही त्याची लक्षणं. आज आपण ज्या आजाराबद्दल बोलतोय तो हाच, असा दावा मी करणार नाही. पण डोळ्यांचा कोरडेपणा हा स्वतंत्र त्रास आहे, एवढं आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी नक्की ओळखलं होतं.

तुकडे हाती लागले, पण सुटे सुटे

१८८२ मध्ये थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने काही रुग्णांच्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, धाग्यांसारखे तंतू चिकटलेले पाहिले आणि त्यांचं वर्णन केलं. डोळा फार कोरडा पडला की असे तंतू दिसतात, हे आज आपल्याला माहीत आहे.

१८८८ मध्ये लंडनमध्ये डब्ल्यू. बी. हॅडन यांनी तोंड कोरडं पडलेल्या एका स्त्रीची हकिकत मांडली. तिला अश्रूही येत नव्हते. त्याच वर्षी योहान मिकुलिच या सर्जनने एका शेतकऱ्याची केस सांगितली. त्याच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्ही सुजल्या होत्या. पुढे १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये आंरी गुजरो या त्वचारोगतज्ज्ञाने डोळे, तोंड आणि इतर नाजूक त्वचा कोरडी पडलेल्या रुग्णांची नोंद केली.

नेत्रतज्ज्ञ, सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ, प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून पाहिलं. हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट तुम्हाला आठवली असेलच.

स्वीडनमधला एक तरुण डोळ्यांचा डॉक्टर

हेन्रिक शोग्रेन यांचा जन्म २३ जुलै १८९९ रोजी स्वीडनमधल्या एका लहान गावात झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले आणि नेत्ररोग हा विषय त्यांनी घेतला. १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे एक बाई आल्या. डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधे दुखतात, अशा त्यांच्या तीन तक्रारी होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे तपासून ड्रॉप देऊन पाठवलं असतं तरी त्यात कुणाला काही चुकीचं वाटलं नसतं. शोग्रेन मात्र तिथेच अडले. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात योगायोगाने आल्या आहेत का? मग त्यांनी असे आणखी रुग्ण शोधायला सुरुवात केली.

१९३३ मध्ये त्यांनी जर्मन भाषेत आपला प्रबंध सादर केला. त्यात १९ रुग्ण होते आणि सगळ्या स्त्रिया होत्या. त्यांतल्या १३ जणींना जुनाट संधिवात होता. शोग्रेन यांनी डोळ्यांना रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग लावून पृष्ठभागावर कुठे इजा झाली आहे ते पाहिलं आणि ग्रंथींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांनी एक साधं पण मोठं विधान केलं : हा फक्त डोळ्याचा रोग नाही. हा संपूर्ण शरीराचा आजार आहे आणि डोळा ही त्याची एक खिडकी आहे.

आणि मग काय झालं?

परीक्षकांना प्रबंध फारसा पटला नाही. विद्यापीठात शिकवण्यासाठी 'डोसेंट' ही पदवी लागे. ती मिळण्याइतके गुण त्याला पडले नाहीत. प्राध्यापक होण्याचा रस्ता तिथेच बंद झाला. १९३६ मध्ये शोग्रेन योन्शोपिंग या शहरात गेले आणि तिथल्या नेत्रविभागाचे प्रमुख म्हणून १९६७ पर्यंत रुग्ण तपासत राहिले.

१९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने त्यांच्या प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि तो जगभर वाचला जाऊ लागला. हळूहळू आजाराला शोग्रेन यांचंच नाव पडलं. १९५७ मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाने त्यांना 'डोसेंट' ही पदवी दिली. १९३३ पासून मोजलं तर २४ वर्षांनी! पुढे १९६१ मध्ये सरकारने त्यांना मानद प्राध्यापकपदही दिलं. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. २३ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक शोग्रेन दिन म्हणून पाळला जातो.

ग्रंथी सुकतात तरी कशामुळे?

शोग्रेन यांनी तुकडे जोडले, पण कारण त्यांच्याही काळात कळलेलं नव्हतं. ते पुढच्या काही दशकांत उलगडलं. आपली रोगप्रतिकारक शक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असते. काही माणसांत ती चुकते आणि स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. घरच्या राखणदारानेच घरच्यांना चोर समजावं, तसं हे आहे. शोग्रेन आजारात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींमध्ये गोळा होतात आणि त्या ग्रंथींचं काम बिघडवतात.

१९६९ आणि १९७४ मध्ये ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णांच्या रक्तात दोन अँटिबॉडी सापडल्या. त्यांना 'रो' आणि 'ला' अशी नावं दिली गेली. ही ग्रीक अक्षरं नाहीत बरं का! ज्या रुग्णांच्या रक्तात त्या मिळाल्या, त्यांच्या नावांची ती सुरुवातीची अक्षरं आहेत. तुमच्या रिपोर्टवर याच अँटिबॉडी एसएसए आणि एसएसबी म्हणून छापलेल्या असतात.

हा आजार एकटाही येतो आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस किंवा ल्युपससारख्या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराच्या जोडीनेही येतो. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. "बायकांची नेहमीची कुरकुर" म्हणून निदान लांबण्याचं हेही एक कारण आहे, असं मला वाटतं. खेळाडूही यातून सुटत नाहीत. टेनिसपटू व्हीनस विल्यम्सने २०११ मध्ये यूएस ओपनमधून माघार घेताना आपल्याला हाच आजार असल्याचं जाहीर केलं होतं.

आज निदान कसं होतं?

पहिली तपासणी शोग्रेन यांच्याही आधीची आहे. ओटो शर्मर या जर्मन डॉक्टरने १९०३ मध्ये ती सांगितली आणि आजही ती तशीच करतात. फिल्टर पेपरची ५ मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांनी ती किती भिजली ते मोजायचं. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू खरोखरच कमी आहेत.

त्याशिवाय डोळ्याला रंग लावून तपासणी, लाळ मोजणं, रक्तातली एसएसए अँटिबॉडी आणि गरज पडली तर ओठाच्या आतल्या बाजूच्या लहान लाळग्रंथींची बायोप्सी करतात. यातली कुठलीही एक चाचणी पुरेशी नसते. रक्तात अँटिबॉडी मिळाली नाही म्हणजे आजार नाही, असंही नाही. सगळं एकत्र ठेवूनच निदान करावं लागतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. डोळे कोरडे पडलेल्या प्रत्येकाला हा आजार नसतो. तासन्‌तास मोबाईल पाहणं, एसी, वाढतं वय, पापण्यांच्या तेलग्रंथी बंद होणं, ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. घाबरू नका, पण तपासून घ्या.

या आजारासोबत जगताना

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. पण त्याच्यासोबत नीट जगता येतं.

डोळ्यांसाठी : कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप त्रास वाढण्याची वाट न पाहता नियमित घाला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप मागा. ड्रॉपमधलं प्रिझर्व्हेटिव्हच कोरड्या डोळ्याला त्रास देऊ शकतं. डोळ्यांची लाली घालवणारे ड्रॉप स्वतःच्या मनाने घेऊ नका. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. बाहेर पडताना, विशेषतः दुचाकीवर, डोळे बाजूंनीही झाकणारा चष्मा लावा. सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप आणि अश्रू वाहून नेणारी छिद्रं बंद करणारे बारीक प्लग हे पुढचे उपाय नेत्रतज्ज्ञ ठरवतात.

तोंडासाठी : पाणी घोट घोट प्या. गोड गोळ्या चघळू नका, साखर नसलेलं च्युइंग गम चालेल. लाळ दातांचं रक्षण करते. ती कमी झाली की दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या. तंबाखू आणि मिश्री बंद. लाळ वाढवणाऱ्या पायलोकार्पिनच्या गोळ्याही मिळतात. हे औषध मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी या झुडपाच्या पानांतून मिळालं. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ते घेऊ नका.

सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू असेल, तर डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका.

या गोष्टींकडे दुर्लक्ष नको

कानाखालची गाठ किंवा सूज बरेच दिवस उतरत नसेल, मानेत किंवा काखेत गाठी आल्या असतील, कारण नसताना वजन घटत असेल किंवा ताप येत असेल, तर लगेच दाखवा. या आजारात साधारण शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी लिम्फोमा हा कर्करोग होऊ शकतो. लवकर कळला तर उपचार करता येतात. डोळा अचानक खूप दुखू लागला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

आणि एसएसए अँटिबॉडी असलेल्या प्रत्येक तरुणीने गरोदरपणाचा विचार करतानाच डॉक्टरांना हे सांगायला हवं. अशा आईच्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका थोडा असतो, साधारण शंभरात एक-दोन. बहुतेक बाळं निरोगीच असतात, पण तपासण्या वेळेवर कराव्या लागतात.

शेवटी एक छोटं काम

शोग्रेन यांच्याकडे अँटिबॉडीची चाचणी नव्हती. त्यांनी फक्त तीन तक्रारी एका ओळीत ठेवून पाहिल्या. आज हे काम तुम्हीही करू शकता. एक कोरा कागद घ्या. डोळे, तोंड, दात, सांधे, त्वचा, थकवा यांतलं जे काही तीन महिन्यांहून जास्त टिकलं आहे, ते एकाखाली एक लिहा. सुरू असलेली सगळी औषधंही लिहा. पुढच्या वेळी डोळे दाखवायला जाल तेव्हा हा पूर्ण कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवायची गरज आहे का, हे विचारा.

"हे डोळ्यांच्या डॉक्टरला कशाला सांगायचं?" असं मनात येईल. त्या १९ बायकांनी सांगितलं होतं, म्हणून हा आजार जगाला कळला. तुम्हीही सांगा.

काळजी घ्या.