अतिभक्षण विकृती : मानसोपचारांचा इतिहास

अतिभक्षण विकृती : थोड्या अवधीत बहुतेक माणसे खातील त्याहून निश्चितपणे अधिक अन्न खाल्ले जाणे व खाताना स्वतःवरील ताबा सुटल्याची जाणीव होणे, अशा झटक्यांवरून ओळखली जाणारी मानसिक विकृती. आठवड्यातून किमान एकदा याप्रमाणे तीन महिने झटके येत राहिल्यास आणि त्यांपासून रुग्णाला तीव्र क्लेश होत असल्यास हे निदान करतात. भूक नसताना खाणे, भराभर खाणे, पोट तडस लागेपर्यंत खाणे, लाजेपोटी एकट्याने खाणे आणि मागाहून स्वतःची किळस येणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. खाल्लेले ओकून टाकणे, रेचके घेणे यांसारखे प्रकार नियमितपणे होत असतील, तर ती बुलिमिया नर्व्होजा ही निराळी विकृती ठरते. रुग्ण स्थूल असतोच असे नाही.

हावरा, अधाशी, खादाड, बकासुर असे शब्द मराठीत विपुल आहेत. पण ते सर्व दूषणे देणारे आहेत. ‘भस्म्या रोग’ हा शब्द तेवढा आजाराचा आहे. परंतु तो आजार वेगळा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ग्रहणीविषयक अध्यायात अत्यग्नीचे वर्णन आढळते. त्यात अन्न झपाट्याने पचते, भूक शमत नाही आणि धातू क्षीण होतात. त्यावर जड, स्निग्ध, मधुर व शीत आहार सांगितला आहे. तेथे दोष जठराग्नीचा आहे, तर अतिभक्षण विकृतीत भुकेवाचूनही खाल्ले जाते. लग्नाच्या पंगतीत पैजेने जिलब्या फस्त करणारा गडीही या व्याख्येत बसत नाही : तो चारचौघांत खातो, पैज जिंकताच थांबतो आणि त्याचे त्याला कौतुकच वाटते.

आधुनिक वैद्यकात या झटक्यांची स्पष्ट नोंद प्रथम अमेरिकन मानसोपचारज्ञ ॲल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५९ मध्ये केली. स्थूल व्यक्तींच्या खाण्याचे आकृतिबंध तपासताना रात्रीचे खाणे आणि तृप्तीवाचून खाणे यांपासून त्यांनी हा प्रकार वेगळा काढला. हिल्डे ब्रूख यांनी मनोविश्लेषणाच्या परंपरेतून पुढे येऊन असे प्रतिपादिले, की काही व्यक्तींना भूक आणि भावनिक अस्वस्थता यांतील भेद बालपणी नीट शिकायला मिळालेलाच नसतो. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात प्रत्येक वेळी खाऊ कोंबण्याची सवय आठवली, तर हा विचार कळण्यास अवघड जात नाही.

वर्तनोपचार या क्षेत्रात १९६० नंतर आले. चार्ल्स फर्स्टर व त्यांचे सहकारी (१९६२) आणि रिचर्ड स्ट्यूअर्ट (१९६७) यांनी खाण्याची नोंद ठेवणे, एकाच जागी बसून खाणे, घासांमध्ये खंड पाडणे अशी तंत्रे वापरली. ती उपयुक्त होती आणि त्यांतील काही आजही वापरली जातात. परंतु उद्दिष्ट वजन घटविणे हे होते. खाण्याचा झटका हा स्वतंत्र प्रश्न आहे, हे अद्याप पटलेले नव्हते.

हा दृष्टिकोन बदलण्यास एक छोटा प्रयोग कारणीभूत झाला. पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून मग आइसक्रीम चाखावयास दिले. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्या विद्यार्थिनींनी मिल्कशेकनंतर कमी आइसक्रीम खाल्ले. कडक बंधन पाळणाऱ्यांनी उलट अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता राखायचे काय, अशी ही मनोवृत्ती. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीतील थट्टेत हेच निरीक्षण दडले आहे. मात्र म्हण माणसाला ढोंगी ठरविते, प्रयोगाने ते उपाशी राहण्याचे फलित ठरविले.

ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९८१ मध्ये बुलिमियावरील बोधनिक वर्तनोपचाराचे पहिले वृत्त प्रसिद्ध केले, त्याचा पाया हाच होता. उपचाराच्या प्रारंभी रुग्णाला कमी खाण्यास सांगत नाहीत, तर वेळेवर खाण्यास सांगतात : तीन जेवणे, दोन-तीन अल्पोपाहार आणि मध्ये तीन-चार तासांहून अधिक खंड नाही. त्यानंतर वर्ज्य मानलेले पदार्थ हळूहळू आहारात आणले जातात आणि देहाचा आकार व स्वतःची किंमत यांची रुग्णाने घातलेली सांगड तपासली जाते. १९९० मध्ये स्टॅनफर्ड येथे क्रिस्टी टेल्च, स्ट्यूअर्ट ॲग्रास प्रभृतींनी ओकारी न काढणाऱ्या रुग्णांवर हा उपचार गटाने करून पाहिला.

तथापि अतिभक्षण विकृतीच्या अनेक रुग्णांत झटके आधी आणि पथ्य नंतर असा क्रम आढळतो. उपासमारीचे स्पष्टीकरण त्यांना पुरत नाही. अशांच्या बाबतीत एकाकीपणा, कलह, शोक यांकडे वळावे लागते. नैराश्यासाठी तयार झालेला आंतरव्यक्तिक मानसोपचार नेमके हेच करतो. डेनिझ विल्फ्ली यांच्या १६२ रुग्णांवरील अभ्यासात (२००२) तो बोधनिक वर्तनोपचाराच्या तोडीचा ठरला. टेरेन्स विल्सन व सहकाऱ्यांनी २०५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (२०१०) वजन घटविण्याच्या वर्तनोपचाराने आरंभी वजन अधिक उतरले. पण दोन वर्षांनी झटके थांबलेल्यांचे प्रमाण इतर दोन उपचारांत जास्त होते. भावना आवरण्याची कौशल्ये शिकविणारा द्वंद्वात्मक वर्तनोपचारही वापरात आहे.

महाराष्ट्रात बोधनिक विचारांचा प्रसार मुख्यतः ॲल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीतून झाला. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली व मराठीत मांडली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाणे येथे स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने तिचा पुढे प्रसार केला. कृतीचे मूल्यमापन करावे, समग्र माणसाचे करू नये, हे या पद्धतीचे सूत्र. ‘मी पुन्हा खाल्ले, म्हणजे मी नालायक’ या अनुमानावर ते नेमके बोट ठेवते. लाजेमुळे रुग्ण लपून खातो आणि उपचारही टाळतो, म्हणून हे सूत्र येथे विशेष मोलाचे आहे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ही विकृती १९९४ मध्ये परिशिष्टात आली आणि २०१३ मध्ये तिला स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेचे तिला मान्यता देणारे वर्गीकरण २०२२ पासून अंमलात आले. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत प्रथम मार्गदर्शित स्वसाहाय्य सुचविले आहे : पुस्तिकेच्या आधारे रुग्णाने स्वतः काम करावयाचे व १६ आठवड्यांत वीस-वीस मिनिटांच्या चार ते नऊ भेटींतून साहाय्य घ्यावयाचे. चार आठवड्यांत गुण न आल्यास गटोपचार द्यावयाचा. या उपचारांनी वजन फारसे उतरत नाही, हे रुग्णाला आधीच सांगावे आणि उपचारकाळात वजन घटविण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने झटके उद्भवण्याचा संभव असतो, असेही तीत म्हटले आहे. मराठी घरांत आठवड्याचे वार व एकादश्या पाळणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत उपवास सोडण्याचा आग्रह धरणे आवश्यक नाही. रताळी, शेंगदाणे, दूध, फळे यांसारखे फराळाचे पदार्थ नेहमीच्या जेवणाच्या वेळांना घेतल्यास नियमितता टिकते. निर्जळी उपवास मात्र झटके थांबेपर्यंत पुढे ढकलणे श्रेयस्कर.