चमत्कार देवाचा आणि यंत्राचा

आपल्या सिनेमाचा जन्मच मुळी चमत्काराच्या मांडीवर झाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि १९१७ साली 'लंकादहना'त हनुमंताला आकाशात उडविले. त्यात प्रेक्षकांची फसवणूक झाली असे मात्र कोणी म्हणणार नाही. हनुमंत उडतो हे घरोघर ठाऊकच होते. दादासाहेबांनी ते डोळ्यांना दाखविले, इतकेच.

शिवाय या गृहस्थाने आपली विद्या झाकून ठेवली नाही. १९१२ साली, पहिला चित्रपट काढण्यापूर्वी, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. दिवसांमागून दिवस थोडी थोडी चित्रे घेतली, तेव्हा कुठे ते रोप पडद्यावर बघता बघता वर आले. आमच्या सावद्याच्या केळीवाल्याला यातले मर्म सांगावयास नको. घड कापणीला यावयास वर्षभर खपावे लागते हे तो जाणतो. पुढे फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक चित्रपटही काढला. जादूगाराने स्वतःच पेटी उघडून दाखवावी, असा हा प्रकार!

पुढे पडद्यावर देवाची जागा हळूहळू यंत्राने घेतली. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त तिघा मुलांचे रक्त नळ्यांतून वर चढते, एकाच बाटलीत मिसळते आणि तेथून थेट आईच्या अंगात उतरते. पाणी उताराकडे वाहते हे शाळेतले पोरही सांगेल. पण आई वाचते आहे म्हटल्यावर थिएटरात विचारतो कोण? १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'त मनगटावरच्या यंत्राने नायक अदृश्य होतो आणि सोन्याची हनुमानाची मूर्ती हाती घेऊन दुष्टांना बडवितो. दुष्टांना तो बजरंगबलीचा कोप वाटतो, आपल्याला मात्र शास्त्राचा प्रताप! २००३ च्या 'कोई मिल गया'त तर संगणकावरून ॐकाराचा नाद अंतराळात जातो आणि परग्रहावरची मंडळी यानात बसून दारी येतात.

गंमत अशी, की ज्या मुंबईत ही चित्रे रंगली, तेथेच खरा संगणक त्याआधी बांधला गेला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले हे यंत्र १९६० साली चालू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणशक्ती अवघ्या २,०४८ शब्दांची. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून त्याला आज्ञा द्यावी लागे. ते बोलत नसे, हसत नसे, भविष्य सांगत नसे. आज्ञेत चूक असली तर उत्तरातही चूक. पण हे हिशेबी, आज्ञाधारक यंत्र पडद्यावर कधी नायक झाले नाही.

करमणुकीत एवढे काय बिघडले, असे वाचक विचारतील. देवाच्या चमत्काराला आपण चमत्कार म्हणतो आणि तेथेच थांबतो. यंत्राच्या चमत्काराला मात्र आपण 'सायन्स' म्हणतो आणि तो खरा धरून घरी नेतो. पडद्यावर कोणी दोन कळा दाबताच साऱ्या गावाची गुपिते उघडतात, हे इतक्यांदा पाहिले, की यंत्रापलीकडचा माणूस सर्वज्ञ वाटू लागतो. अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर गणवेशातला इसम येतो, 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' असे दरडावतो आणि शिकलेसवरलेले लोक जन्माची पुंजी त्याच्या खात्यात भरतात. वास्तविक आपल्या कायद्यात अशी अटकच नाही! अशा वेळी फोन बंद करावा आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे, इतके साधे काम. पण घाबरलेल्याला ते सुचत नाही.

मुलांनी सिनेमे पाहू नयेत, असे हा शाळामास्तर म्हणणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत खुशाल पाहावेत, घरच्यांबरोबर पाहावेत, टाळ्या पिटाव्यात. फक्त यंत्राने काही अजब केले, की घरातल्या थोराने हळूच विचारावे, 'बाळ, हे कसे झाले असेल रे?' उत्तर चुकले तरी हरकत नाही. दादासाहेबांनी पेटी उघडून दाखविली होती, ती आपण पुन्हा बंद करू नये.