चाळीस एकरांचे परस

घरामागचे परस हे आपल्याकडे बाईचे राज्य. न्हाणीच्या पाण्यावर अळू माजते, कुंपणावर तोंडली चढतात, आणि अडल्या दिवशी त्यावरच घरचे कालवण निभावते. पण जिला परसाएवढीही भुई स्वतःची नाही, त्या बाईने काय करावे? अमेरिकेतील एका मजूर स्त्रीने या प्रश्नाचे दिलेले उत्तर दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्याजोगे आहे.

फॅनी लू हॅमर यांचा जन्म १९१७ साली मिसिसिपी राज्यातला. वीस भावंडांत त्या शेंडेफळ. आईबाप गोऱ्या जमीनदाराची शेती वाट्याने करीत. या सहाव्या वर्षीच कापूस वेचू लागल्या. १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आले असता, आग्नेय किनाऱ्यावरील मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम निघाला होता. त्याच वर्षी तो फिरवला गेला. पुढच्या पिढ्या परक्याच्याच रानात राबल्या.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये हॅमरबाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. जेथे १८ वर्षे घाम गाळला, त्या मळ्यावरून त्यांना त्याच रात्री निघावे लागले. त्या हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी सरकारी शिध्याचे वाटपच बंद केले. कृष्णवर्णीयांनी मताचे नाव काढू नये, हा त्यातला डाव! १९६३ मध्ये बाईंना तुरुंगात मारहाण झाली. मूत्रपिंडाला कायमची इजा पोचली. या सगळ्यातून त्या एक गोष्ट शिकल्या: ज्याच्या हाती शिधा, त्याच्या हाती मत.

म्हणून १९६९ साली सनफ्लॉवर जिल्ह्यात ४० एकर जमीन घेऊन त्यांनी ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभी केली. वर्गणी महिना १ डॉलर. तीही सुमारे ३० कुटुंबांनाच परवडे. पण भाजी वर्गणीदारांपुरती ठेवली नाही. डबल बी, भेंडी, रताळी, मका, पालेभाज्या असे जे पिके, ते गरजू घरांत जाई. यातली भेंडी तर गुलामांच्या व्यापाराबरोबरच आफ्रिकेतून तिकडे गेलेली! जोडीला ‘डुकरांची पेढी’ होती. मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी १९३५ साली स्थापिलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेने तिला भांडवल दिले, ते ५० माद्या आणि ५ नर असे. माद्या घरोघर पाळायला दिल्या. वेत वाढले तशी आणखी घरांची सोय झाली.

देणग्यांच्या बळावर शेती सहाशे एकरांवर गेली. मग दिवस फिरले. १९७१ चे वादळ, त्यामागून पूर व अवर्षण, डोक्यावर कर्ज व कर, आणि बाईंचे ढासळते शरीर. १९७६ मध्ये जमीन हातची गेली. १४ मार्च १९७७ रोजी हॅमरबाईही गेल्या.

मग प्रयोग फसला म्हणावयाचे काय? हिशेबाच्या वहीपुरता, होय. पण ती सहासात वर्षे ज्या घरांत मालकाला न विचारता चूल पेटली, त्या घरच्या बायकांना विचारले असते, तर उत्तर वेगळे आले असते. उंबऱ्याबाहेर ताठ मानेने जायला घरात मूठभर दाणे स्वतःचे असावे लागतात. हे आपल्या आयाआज्यांनाही कोणी शिकवावे लागले नव्हते.