सेक्टर अँटेनाच्या बीमविड्थबाहेरील व्याप्ती

सेक्टर अँटेना हा रेडिओ लहरी सर्व दिशांना न विखुरता पंख्याच्या आकाराच्या एका भागात एकवटणारा दिशिक अँटेना होय. मोबाइल मनोऱ्यांवर तसेच बिनतारी इंटरनेटच्या जाळ्यांत तो वापरतात. त्याची बीमविड्थ, म्हणजे झोताची कोनीय रुंदी, बहुधा ६५, ९० किंवा १२० अंश असते. या कोनाबाहेर संदेश पोहोचतच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे.

मध्यरेषेवरील शक्ती ज्या दोन दिशांना निम्मी होते, म्हणजे ३ डेसिबलने घटते, त्यांमधील कोनास बीमविड्थ म्हणतात. विजेरीच्या झोताला जशी रेखीव कड नसते, तशीच हीदेखील मोजमापाच्या सोयीसाठी मानलेली सीमा आहे. नियोजनातील एका प्रचलित सूत्रानुसार, मध्यरेषेपासूनच्या कोनाला बीमविड्थने भागून, येणाऱ्या संख्येच्या वर्गाला १२ ने गुणल्यास घट डेसिबलमध्ये मिळते. ६५ अंशांच्या अँटेनासाठी ६० अंशांवर ती सुमारे १० डेसिबल येते. तीन सेक्टरांच्या मनोऱ्यावर शेजारील दोन सेक्टर नेमके याच दिशेला मिळतात. तिन्ही बीमविड्थची बेरीज केवळ १९५ अंश भरते, तरीही ३६० अंशांत सेवा मिळते, ती यामुळेच.

मोकळ्या अवकाशात १० डेसिबल घटीमुळे पल्ला जवळपास एक तृतीयांशावर येतो. दाट वस्तीत अंतरागणिक संदेश अधिक वेगाने क्षीण होत असल्याने तेवढ्याच घटीने पल्ला साधारण निम्माच होतो. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. अँटेनाच्या मागील बाजूस संदेश बहुधा २५ ते ३० डेसिबलने दुबळा असतो. तथापि मनोऱ्यालगतच्या घरांना तोही पुरतो. समोरील इमारतीवरून वा डोंगरावरून परावर्तित झालेल्या लहरीही मागे येतात.

अँटेना प्रक्षेपणाप्रमाणेच ग्रहणातही त्या दिशेला तितकाच दुबळा असतो. फोनची प्रक्षेपणशक्ती मनोऱ्याहून पुष्कळ कमी असल्याने बहुधा फोनकडून मनोऱ्याकडे जाणारा दुवा आधी तुटतो. फोनवर संदेशाच्या दांड्या दिसूनही बोलणे न होण्याचे हे एक कारण असू शकते.

अँटेना यांत्रिकरीत्या पुढे झुकवल्यास समोरचा पल्ला घटतो, परंतु ९० अंशांवरील बाजूंना झुकाव जवळजवळ शून्यच राहतो आणि मागील बाजू वर उचलली जाते. विद्युत् झुकावात सर्व दिशांना झोत सारखाच खाली येतो. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या शेजारच्या सेक्टरात ही बाजूची गळती व्यत्यय ठरते. म्हणून तीन सेक्टरांसाठी १२० अंशांऐवजी ६५ अंशांचा अँटेना सहसा पसंत केला जातो.