काजळी धरणारे तारे: बेंगळुरूचा एक जुना प्रश्न

उत्तर मुकुट तारकासमूहातील 'आर' हा तारा एरवी सहाव्या प्रतीचा, अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. पण कधी तरी, काही आठवड्यांतच, तो शेकडो, प्रसंगी हजारो पटींनी मंदावतो. एडवर्ड पिगॉट यांनी 1795 मध्ये हा लहरीपणा टिपला. कारण सुचले ते 1930 च्या दशकात, लोरेटा आणि जॉन ओकीफ यांना: हायड्रोजन जवळजवळ गमावलेला हा कार्बनसंपन्न तारा काजळी बाहेर टाकतो आणि, काच काजळलेल्या कंदिलासारखा, तिच्याआड दडतो.

मात्र ही काजळी धरते कुठे? ताऱ्याचे पृष्ठतापमान सुमारे 7,000 केल्विन. कार्बनचे कण जमण्यास ते 1,500 च्या आसपास उतरावे लागते. ताऱ्यापासून दूर गारवा आहे, पण वायू विरळ; जवळ वायू दाट, पण उष्णता फार. हा पेच साधा नाही.

बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील एन. कामेश्वर राव यांनी या ताऱ्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. अशा हायड्रोजनन्यून ताऱ्यांवरील आंतरराष्ट्रीय परिसंवाद नोव्हेंबर 1985 मध्ये म्हैसूरला भरला. त्याच्या इतिवृत्ताच्या संपादकांत राव होते. पुढे 1995-96 मध्ये 'आर' मंदावला, तेव्हा राव, टेक्सासचे डेव्हिड लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याचे सूक्ष्म वर्णपट अभ्यासले. वर्णपटातून वायूची गती कळते, तापमानाचा अंदाज येतो. ढग नेमका कुठे आहे, हे मात्र अनुमानानेच ठरवावे लागते.

ती जागा प्रत्यक्ष मोजण्याचे साधन म्हणजे अवरक्त व्यतिकरणमापन. कोमट धूळ अवरक्त किरणांत उजळते. दूर अंतरावरच्या दुर्बिणींतील हे किरण एकत्र आणले की, त्यांच्यातील अंतराइतक्या व्यासाच्या दुर्बिणीसारखा बारकावा मिळतो. एरवी एका ठिपक्यात मिसळून जाणारे तारा आणि धूळ वेगळे ओळखता येतात.

चिलीतील युरोपीय वेधशाळेच्या दुर्बिणी अशा जोडून 2007 मध्ये धनु राशीतील आरवाय या भाऊबंद ताऱ्याभोवती एक ढग सापडला. तो ताऱ्यापासून सुमारे 30 पृथ्वी-सूर्य अंतरांवर, म्हणजे ताऱ्याच्या त्रिज्येच्या जवळपास 100 पट दूर होता. अशा ताऱ्याजवळ तोवर थेट दिसलेल्या ढगांत हाच सर्वांत निकटचा. तरीही जन्मस्थान सांगण्यास तो फार दूरच. धूळ कुठे जन्मली, हे त्यावरून ठरेना.

त्याच वर्षी 'आर' स्वतःही पुन्हा काळवंडू लागला, आणि या खेपेस अनेक वर्षे तसाच राहिला.