आपत्ती व्यवस्थापन कायदा : दिल्लीपासून गावापर्यंत कोणाची काय जबाबदारी?

बीड : अतिवृष्टी झाली की आपल्याकडं पहिला प्रश्न असतो, पंचनामा कधी होणार? पण २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा पंचनाम्याच्या आधीचंही काम सांगतो. संकट येण्याआधी तयारी करणं ही जिल्हा प्रशासनाची, अगदी ग्रामपंचायतीचीही कायदेशीर जबाबदारी आहे.

कायदा कसा आला?
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. तेव्हा आपत्तीसाठी देशाचा वेगळा कायदा नव्हता. केंद्रात हे काम कृषी मंत्रालय बघायचं. पुढं १९९९ चं ओडिशातलं महाचक्रीवादळ आणि २००१ चा भुजचा भूकंप झाला. २००२ मध्ये विषय गृह मंत्रालयाकडं गेला. डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली आणि वर्षभरात, २३ डिसेंबर २००५ ला, कायदा झाला. २००९ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं. नुकसान झाल्यावर मदत वाटण्यापुरतं थांबू नका, धोका आधीच कमी करा, हा त्याचा गाभा. दुष्काळ, गारपीट आणि कीड मात्र आजही केंद्रात कृषी खात्याकडंच आहे.

अधिकार कोणाकडं?
राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असतात. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. सीईओ, पोलीस अधीक्षक आणि आरोग्य अधिकारी सदस्य असतात. बचावासाठी एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ, तर राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. पथक आधीच जवळ आणून ठेवलेलं नसेल तर बीडला पोचायला काही तास जातात. तोवर गावालाच गाव सांभाळावं लागतं.

जिल्ह्याचा आराखडा
कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यावा लागतो. धोक्याची ठिकाणं कोणती, कोणत्या खात्यानं काय करायचं, हे त्यात असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरी आणि सिंदफणेच्या काठच्या गावांनी पूर बघितला. गेवराई, माजलगावच्या नदीकाठच्या गावांनी तर हा आराखडा बघायलाच हवा. प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते.

मदतीचा हिशोब
राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पीक मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान लागतं. दुष्काळ मात्र तालुकानिहाय जाहीर होतो. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातल्या ४० तालुक्यांत बीडचे वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. बाकी तालुके त्या यादीत नव्हते. बांधाला बांध असला तरी मंडळ किंवा तालुका बदलला की मदत बदलू शकते. म्हणून आपल्या मंडळाच्या पावसाची नोंद माहीत असू द्या.

हे लक्षात ठेवा
• जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०.
• विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' हे मोफत अ‍ॅप आहे. ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका.
• धरण फुटल्यासारख्या खोट्या बातम्या पसरवून घबराट उडवली तर कलम ५४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. खात्री नसेल तर मेसेज पुढं ढकलू नका.
• मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा केला तर कलम ५२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

ग्रामसभेत काय विचारायचं?
कलम ४१ नुसार आपल्या माणसांना प्रशिक्षण देणं आणि साहित्य तयार ठेवणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावरच येते. तिथं तीन प्रश्न मांडा: आपलं गाव धोक्याच्या यादीत आहे का? पाणी आलं तर माणसं आणि जनावरं कुठं हलवायची? दोरखंड, बॅटरी, ट्रॅक्टर कोणाकडं मिळतील? उत्तरं ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत तहसील कार्यालयाला द्या.