रायगडची समाधी आणि नागरिकांची वर्गणी

बेळगावच्या भुईकोट किल्ल्यात प्रवेश करणाऱ्यास एकाच आवारात अनेक राजवटींची साक्ष मिळते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इ. स. १२०४ च्या सुमारास उभारलेली जैन बस्ती तेथे आहे. छतातील दगडी कमळामुळे लोक तिला कमल बस्ती म्हणतात. आदिलशाहीतील सरदार असदखान याच्या नावाशी निगडित असलेली सफा मशीदही त्याच तटबंदीच्या आत आहे. १४७३ मध्ये महमूद गावानने हा किल्ला जिंकला, आणि एप्रिल १८१८ मध्ये मन्रोने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. त्यानंतर महिन्याभरातच, मे १८१८ मध्ये, रायगडही इंग्रजांच्या हाती पडला.

एकाच युद्धात पडलेल्या या दोन किल्ल्यांचे पुढील दैव मात्र निराळे ठरले. बेळगावात लष्कराची छावणी बसली आणि किल्ला वापरात राहिला. रायगड तोफांच्या माऱ्याने व आगीने होरपळला होता. नव्या राज्यकर्त्यांना त्याचा उपयोग नव्हता, आणि जुन्या मालकांना तेथे अधिकार उरला नव्हता. जगदीश्वराच्या देवालयासमोरील शिवछत्रपतींच्या समाधीवर झाडेझुडपे माजली.

ही दैन्यावस्था चव्हाट्यावर आणली ती जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने. मराठी राज्याच्या संस्थापकाच्या समाधीची साधी डागडुजीही कोणी करीत नाही, अशी खंत त्याने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईविषयीच्या आपल्या ग्रंथात व्यक्त केली. परक्याच्या लेखणीतून आलेला हा ठपका महाराष्ट्रातील सुशिक्षितांना झोंबला. प्रश्न सरकारपर्यंत गेला, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या राजवटीत समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला रक्कम मंजूर झाली. ती रक्कम होती पाच रुपये!

त्या काळी प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा सर्व देशाला लागू होणारा कायदा नव्हता. तो लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, १९०४ मध्ये, अस्तित्वात आला. त्यापूर्वी एखादी वास्तू टिकावी की ढासळावी, हे बहुतांशी स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. अशा परिस्थितीत १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धाराचा विषय हाती घेतला. ३० मे १८९५ रोजी पुण्यातील हिराबागेत सभा भरली. स्मारकासाठी समिती नेमली गेली आणि निधी सुरू झाला. संस्थानिक व सरदार यांच्या मोठ्या देणग्यांबरोबरच सामान्य माणसांच्या लहान लहान वर्गण्याही येऊ लागल्या. श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळाचा उगम या चळवळीत आहे.

या घटनेला जगाच्या पाठीवर एक बोलका जोड आहे. त्याच १८९५ साली, जानेवारी महिन्यात, लंडनमध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. त्याआधी, १८७७ मध्ये, विल्यम मॉरिस याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळी जमविली होती. जुनी इमारत नव्यासारखी करण्यापेक्षा ती आहे तशी सांभाळावी, हे त्या मंडळींचे तत्त्व. एकाच काळात लंडनच्या आणि पुण्याच्या नागरिकांना एकच गोष्ट उमगली, ती ही की, सरकार हलत नसेल तर प्रथम आपण हलावे. तथापि दोहोंत एक मोठा भेद होता. इंग्रज नागरिक वर्गणी गोळा करून वास्तू विकत घेऊ शकत होते. पुण्याच्या मंडळींनी कितीही पैसा जमविला, तरी रायगडाची जागा सरकारची होती. तेथे दगड हलवावयाचा, तर परवानगी लागे.

या अडचणीचा परिणाम दीर्घकाळ जाणवला. एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला आणि शिवस्मरणाची लाट गावोगावी पसरली. पण जून १८९७ मधील पुण्याचा शिवोत्सव, पाठोपाठ झालेला रँडचा वध आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला यांमुळे शिवाजी हे नाव सरकारच्या दृष्टीने संशयास्पद ठरले. समाधीच्या जीर्णोद्धाराचे काम १९२६ मध्ये पूर्ण झाले. तोवर टिळकांना जाऊन सहा वर्षे लोटली होती. हिराबागेतील सभेपासून मोजल्यास एकतीस वर्षे! या काळात उत्सव वाढला आणि राजकारण पालटले. एकतीस वर्षे निधीचा व हेतूचा धागा तुटू न देणे, हेच मंडळाचे खरे कार्य मानावे लागेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत रायगड आहे. त्या सन्मानामागे या लहान वर्गण्यांचाही वाटा आहे.

बेळगाव, निपाणी या भागाशी टिळकांचे नाते निकटचे होते. होमरूल लीगची स्थापना त्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच केली. बेळगावची शिवजयंती आजही वैशाखातील जुन्या तिथीस चित्ररथांच्या मिरवणुकीने साजरी होते. उत्सवाचा वारसा या भागाने निष्ठेने जपला आहे. मात्र त्याच चळवळीचा दुसरा वारसा, वास्तूच्या देखभालीचा, तितक्याच निष्ठेने जपला गेला आहे काय, हा प्रश्न सीमाभागातील प्रत्येक गावाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

दुर्लक्षाची किंमत बेळगावने मोजली आहे. कमल बस्तीच्या दानांची नोंद करणारे १२०४ सालचे दोन कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मंदिर येथे आणि त्याची कहाणी सांगणारे दगड सातासमुद्रापलीकडे! किल्ल्यातील वास्तू आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तथापि खात्याचा पहारेकरी सर्वत्र पुरा पडणे शक्य नाही. भिंतीत रुजलेला पिंपळ, ढळलेला चिरा, शिलालेखावर चढलेला रंग या गोष्टी प्रथम दिसतात त्या शेजारच्या रहिवाशाला.

येथेच नागरिकांच्या संस्थेचे काम सुरू होते. दिसले ते टिपावे, छायाचित्र घ्यावे, खात्याला लेखी कळवावे आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. एक संयमही पाळावा. उत्साहाच्या भरात चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट लावल्यास ओल बाहेर पडण्याची वाट बुजते, आणि ती ओल शेजारचा जुना दगड पोखरते. म्हणून जाणत्याच्या सल्ल्याविना आणि परवानगीविना चिऱ्याला हात न लावणे, हीसुद्धा सेवाच होय.

सीमाभागात भाषेचा वाद जुना आहे. परंतु बस्तीचे लेख कानडी, देव जैन, शेजारी मशीद आणि तटावर कधीकाळी मराठी शिबंदी, अशा किल्ल्याची वाटणी कोणत्या रेषेने करणार? त्याच्या रक्षणार्थ उभी राहणारी संस्था मराठी व कानडी अशा दोन्ही घरांतून वर्गणी गोळा करील, तरच तिचे काम एकतीस वर्षे टिकेल.